राष्ट्रीय एकजूट (फ्रान्स)

राष्ट्रीय एकजूट (फ्रेंच: रासाँब्लमाँ नास्योनाल) हा फ्रान्समधील अतिउजव्या विचारसरणीचा राजकीय पक्ष आहे. ५ ऑक्टोबर १९७२ रोजी 'राष्ट्रीय आघाडी' (फ्राँ नास्योनाल) या नावाने त्याची स्थापना झाली. सध्याचे नाव जून २०१८ मध्ये स्वीकारण्यात आले. संस्थापक-अध्यक्ष ज्याँ-मारी ल पेन यांच्यानंतर २०११ मध्ये त्यांची कन्या मारीन ल पेन यांच्याकडे पक्षाची सूत्रे गेली, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये जॉर्दाँ बार्देला अध्यक्षपदी निवडून आले. 'अतिउजवा' हे विशेषण पक्षाला मान्य नाही. फ्रान्सच्या गृहमंत्रालयाने निवडणूक निकालांत त्याचे केलेले तसे वर्गीकरण मात्र देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कायम ठेवले.

पक्षाला राष्ट्रीय पातळीवर आजवर एकदाही सत्ता मिळालेली नाही. तरीही स्थलांतर, नागरिकत्व आणि सुरक्षा या विषयांवरील फ्रेंच राजकारणाची भाषा गेल्या चार दशकांत ज्या पद्धतीने बदलली, तिच्यावर या पक्षाइतका ठसा क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल.

== स्थापना आणि सुरुवातीची वर्षे ==

दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या विशी राजवटीमुळे युद्धोत्तर फ्रान्समध्ये अतिउजवे राजकारण बदनाम झाले होते. पुढे अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात राहावा यासाठी चाललेला लढाही १९६२ मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्याने संपला आणि हा प्रवाह विखुरला. 'ऑर्द्र नुव्हो' (नवी व्यवस्था) या नवफॅसिस्ट संघटनेने निवडणुकांसाठी एक व्यापक मंच उभारायचे ठरवले. त्यातून राष्ट्रीय आघाडी जन्माला आली. तिरंगी ज्योतीचे पक्षचिन्ह इटलीतील नवफॅसिस्ट पक्षाच्या चिन्हावरून घेतले होते. पहिले खजिनदार पिएर बुस्के हे युद्धकाळात जर्मन वाफेन-एसएसमध्ये होते.

नेतृत्व मात्र तुलनेने स्वीकारार्ह चेहऱ्याकडे देण्यात आले. ज्याँ-मारी ल पेन (१९२८–२०२५) यांनी इंडोचायना व अल्जीरियातील युद्धांत भाग घेतला होता. १९५६ मध्ये, छोट्या दुकानदारांच्या करविरोधी पुजाद चळवळीच्या लाटेत, ते वयाच्या २७ व्या वर्षी खासदार झाले होते. पहिली दहा वर्षे पक्षाला फारसे कोणी विचारले नाही. १९७४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ल पेन यांना ०.७५ टक्के मते मिळाली. १९८१ मध्ये तर उमेदवारीसाठी आवश्यक असलेल्या ५०० लोकप्रतिनिधींच्या स्वाक्षऱ्याही जमल्या नाहीत.

आज पक्षाची ओळख बनलेला स्थलांतरविरोध सुरुवातीला त्याच्या कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी नव्हता. तिथे साम्यवादविरोध होता. बेरोजगारी वाढू लागल्यावर, १९७८ च्या सुमारास, बेरोजगारांची संख्या आणि स्थलांतरितांची संख्या एकमेकांसमोर मांडणारा प्रचार सुरू झाला आणि पुढे तोच पक्षाचा मुख्य आधार ठरला.

== उदय ==

सप्टेंबर १९८३ मध्ये पॅरिसच्या पश्चिमेकडील द्रो या औद्योगिक गावात नगरपालिकेची निवडणूक झाली. पहिल्या फेरीत राष्ट्रीय आघाडीच्या यादीला सुमारे १७ टक्के मते मिळाली. दुसऱ्या फेरीसाठी तेथील पारंपरिक उजव्या पक्षांनी या यादीशी हातमिळवणी केली आणि डाव्यांचा पराभव केला. गाव लहान होते, पण अतिउजव्यांशी युती करता येते आणि ती करून जिंकताही येते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी युरोपीय संसदेच्या निवडणुकीत पक्षाला जवळजवळ ११ टक्के मते आणि १० जागा मिळाल्या.

या वाढीला निवडणूकपद्धतीचाही हातभार लागला. समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मित्तराँ यांच्या सरकारने १९८५ मध्ये संसदेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आणली. उजव्यांची मते विभागावीत हा तिच्यामागचा हेतू असल्याचा आरोप तेव्हापासून होत आला आहे. १९८६ मध्ये राष्ट्रीय आघाडीचे ३५ खासदार निवडून आले. जाक शिराक यांच्या सरकारने दोन फेऱ्यांची जुनी पद्धत परत आणताच १९८८ मध्ये ही संख्या एकवर आली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी ल पेन यांना १४ टक्क्यांहून अधिक मते पडली होती, हे लक्षात घेतल्यास या पद्धतीने पक्षाला किती काळ रोखून धरले ते कळते.

सप्टेंबर १९८७ मध्ये एका मुलाखतीत ल पेन यांनी नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांना महायुद्धाच्या इतिहासातील एक 'तपशील' म्हटले. न्यायालयाने त्यांना त्याबद्दल दोषी ठरवले. तरीही हे विधान त्यांनी नंतर पुन्हा केले. यामुळे इतर पक्षांनी अंतर राखले, पण मतदार तुटला नाही. १९९५ मध्ये तुलाँ, ओरांज व मारिन्यान या दक्षिणेकडील नगरपालिका पक्षाकडे आल्या, १९९७ मध्ये व्हित्रोल. व्हित्रोलच्या नगरपालिकेने फ्रेंच किंवा युरोपीय आईबापांच्या नवजात बाळासाठीच ५,००० फ्रँकचे अनुदान जाहीर केले. न्यायालयाने ते रद्द केले. नोकरी, घर आणि सरकारी साहाय्य यांत फ्रेंच नागरिकांना अग्रक्रम देण्याच्या 'राष्ट्रीय प्राधान्य' या पक्षाच्या मुख्य मागणीचे हे पहिले प्रात्यक्षिक म्हणता येईल.

== मतदार ==

पक्षाचा पाया दोन वेगळ्या भूभागांत आहे. भूमध्य सागराच्या किनाऱ्यावर अल्जीरियातून परतलेल्या फ्रेंच कुटुंबांची मोठी वस्ती असून तेथे छोटे व्यापारी आणि निवृत्तांमध्ये पक्षाला पाठिंबा मिळाला. उत्तर व ईशान्य फ्रान्समध्ये कोळशाच्या खाणी, पोलाद आणि कापड गिरण्या बंद पडल्यानंतर कामगारवर्ग पक्षाकडे वळला. एकेकाळी खाणकामगारांचे गाव असलेले एनाँ-बोमाँ २०१४ मध्ये पहिल्याच फेरीत पक्षाने जिंकले. मारीन ल पेन यांचा मतदारसंघही तेथेच आहे.

यावरून साम्यवादी पक्षाचा मतदार जसाच्या तसा राष्ट्रीय आघाडीत गेला, असे सर्रास सांगितले जाते. अभ्यासकांमध्ये यावर एकमत नाही. पास्काल पेरिनो यांनी डाव्या पार्श्वभूमीच्या मतदारांच्या स्थित्यंतरावर भर दिला, तर नोना मायर यांच्या मते यातील अनेक कामगार पूर्वीपासूनच डावे नव्हते. साम्यवादी पक्ष आणि कामगार संघटना क्षीण झाल्यावर नव्या पिढीला डावीकडे नेणारी वाटच उरली नाही, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

== २१ एप्रिल २००२ ==

१९९८–९९ मध्ये ब्रुनो मेग्रे यांच्या बंडामुळे पक्ष फुटला आणि तो संपल्यात जमा मानला जाऊ लागला. २००२ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत १६ उमेदवार होते आणि डाव्यांची मते अनेकांत वाटली गेली. पहिल्या फेरीत ल पेन यांना १६.८६ टक्के, तर समाजवादी पंतप्रधान लियोनेल जोस्पाँ यांना १६.१८ टक्के मते मिळाली. जोस्पाँ बाद झाले. १ मे रोजी देशभर दहा लाखांहून अधिक लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. डाव्या मतदारांनी नाइलाजाने का होईना, शिराक यांना मत दिले आणि दुसऱ्या फेरीत ते ८२ टक्क्यांहून अधिक मतांनी विजयी झाले. अतिउजव्यांविरुद्ध सर्वांनी एकत्र येण्याच्या या रीतीला फ्रान्समध्ये 'प्रजासत्ताक आघाडी' म्हणतात.

== प्रतिमाबदल ==

मारीन ल पेन यांनी पक्षावरील 'सैतानी' शिक्का पुसण्याचे धोरण स्वीकारले. ज्यूविरोधी वक्तव्ये करणाऱ्यांना दूर केले गेले. २०१५ मध्ये खुद्द वडिलांचीही हकालपट्टी झाली. आर्थिक धोरणही उलटे फिरले. १९८० च्या दशकात कमी कर आणि कमी सरकार मागणारा पक्ष आता निवृत्तिवेतन आणि सार्वजनिक सेवांचा कैवारी म्हणून बोलू लागला. युरो चलन सोडण्याची मागणी २०१७ च्या पराभवानंतर मागे पडली. 'राष्ट्रीय प्राधान्य' मात्र 'राष्ट्रीय अग्रक्रम' या नावाने कार्यक्रमात कायम राहिले. बदल झाला तो भाषेत व शिस्तीत; गाभा तोच राहिला, असे टीकाकार म्हणतात, आणि जाहीरनामे पाहता त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. २०१४ मध्ये एका रशियन मालकीच्या बँकेकडून घेतलेल्या सुमारे ९० लाख युरोंच्या कर्जावरूनही पक्षावर टीका झाली.

दुसऱ्या फेरीतील मारीन ल पेन यांची मते २०१७ मध्ये ३३.९० टक्के होती, ती २०२२ मध्ये ४१.४५ टक्क्यांवर गेली. दोन्ही वेळा इमॅन्युएल मॅक्रॉन विजयी झाले. २०२२ च्या संसदीय निवडणुकीत, दोन फेऱ्यांची पद्धत असूनही, पक्षाचे ८९ खासदार निवडून आले.

== सत्तेविना प्रभाव ==

पक्ष वाढू लागताच इतरांसमोर पेच उभा राहिला: त्याचे विषय टाळावेत की आपलेसे करावेत? पंतप्रधान लोराँ फाब्यूस यांनी १९८४ मध्येच, ल पेन प्रश्न योग्य विचारतात पण उत्तरे चुकीची देतात, अशा आशयाचे विधान केले होते. १९९१ मध्ये शिराक यांनी स्थलांतरितांच्या वस्त्यांतील 'गोंगाट आणि वास' यांचा उल्लेख केला. २००७ मध्ये निकोला सार्कोझी यांनी राष्ट्रीय अस्मिता हा प्रचाराचा विषय करून ल पेन यांची मते १०.४४ टक्क्यांपर्यंत खाली आणली. हे यश टिकले नाही. २०१२ मध्ये मारीन ल पेन १७.९० टक्क्यांवर पोहोचल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये मॅक्रॉन सरकारने मांडलेला स्थलांतर कायदा राष्ट्रीय एकजुटीच्या खासदारांच्याही मतांनी संमत झाला. परकीयांना काही सामाजिक लाभ मिळण्यासाठी त्यात वास्तव्याची दीर्घ अट होती. मारीन ल पेन यांनी त्याला आपला 'वैचारिक विजय' म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये घटना परिषदेने ८६ पैकी ३५ कलमे पूर्णतः वा अंशतः रद्द केली. बहुतेक कलमे विधेयकाच्या मूळ विषयाशी असंबद्ध असल्याच्या, म्हणजे प्रक्रियेच्या कारणावरून रद्द झाली. त्यामुळे ती वेगळ्या विधेयकातून परत आणण्याचा मार्ग बंद झाला नाही.

जून २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत पक्षाला ३१.३७ टक्के मते मिळाली आणि मॅक्रॉन यांनी त्याच रात्री संसद विसर्जित केली. पहिल्या फेरीत पक्ष व त्याचे मित्र सुमारे ३३ टक्के मतांसह आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीपूर्वी डाव्या व मध्यममार्गी पक्षांच्या दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली. ७ जुलै रोजी सर्वाधिक मते मिळवूनही राष्ट्रीय एकजूट जागांच्या बाबतीत तिसऱ्या क्रमांकावर राहिली. मात्र कोणालाच बहुमत नसलेल्या या संसदेत सरकारचे भवितव्य तिच्या हाती आले. ४ डिसेंबर २०२४ रोजी डाव्यांच्या अविश्वास ठरावाला तिने पाठिंबा दिला आणि मिशेल बार्निए यांचे सरकार तीन महिन्यांतच कोसळले.

== न्यायालयीन खटला ==

युरोपीय संसदेच्या निधीतून पक्षाच्या कर्मचाऱ्यांना वेतन दिल्याच्या प्रकरणात ३१ मार्च २०२५ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने मारीन ल पेन यांना दोषी ठरवले. त्यांना चार वर्षांचा कारावास (त्यातील दोन वर्षे स्थगित), एक लाख युरो दंड आणि पाच वर्षे निवडणूकबंदी अशी शिक्षा झाली. निवडणूकबंदी तत्काळ लागू करण्यात आली. समर्थकांनी हा निकाल राजकीय असल्याचे म्हटले. मारीन ल पेन यांनी निकालाविरुद्ध अपील केले. २०२७ ची राष्ट्राध्यक्षीय निवडणूक त्यांना लढवता न आल्यास बार्देला उमेदवार असतील, असे पक्षाने सूचित केले.