संकेतस्थळाची मांडणी ब्राउझरगणिक का बिघडते?

छापील वृत्तपत्राचे पान एकदा यंत्रावर चढले, की ते मुंबईत आणि नागपुरात सारखेच दिसते. संकेतस्थळाच्या पानाचे तसे नाही. सर्व्हरकडून वाचकाकडे येतो तो केवळ मजकूर आणि तो कसा मांडावा याविषयीच्या सूचना. त्यांचे पान तयार करण्याचे काम वाचकाच्या संगणकावरील किंवा मोबाइलवरील ब्राउझर करतो. सूचना स्पष्ट असेल, तर सर्व ब्राउझर सहसा एकच अर्थ लावतात. ती संदिग्ध असेल किंवा दिलेलीच नसेल, तर प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने रिकामी जागा भरतो. मांडणी बिघडल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या न सांगितलेल्या भागात असते.

हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. प्रवेशअर्जाच्या शेवटी असलेले ‘पाठवा’ हे बटण एखाद्या फोनवर पडद्याखाली दडले, तर अर्ज भरणाऱ्याच्या दृष्टीने ते संकेतस्थळ बंदच असते. असा वाचक तक्रार करीत नाही, निघून जातो. त्यामुळे शाळा, ग्रंथालय किंवा गृहनिर्माण संस्थेचे लहानसे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनाही हा विषय थोडासा माहीत असावा.

चौकटीचे भांडण

सीएसएस, अर्थात पानाची शैली ठरविणारी भाषा, हाकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये सुचविली. डिसेंबर १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानके ठरविणाऱ्या संस्थेने तिच्या पहिल्या आवृत्तीस मान्यता दिली. तिच्यानुसार चौकटीची रुंदी म्हणजे फक्त आतील मजकुराची रुंदी. समजा, रुंदी २०० पिक्सेल, दोन्ही बाजूंस २० पिक्सेलची आतली मोकळी जागा आणि ५ पिक्सेलची किनार असेल, तर चौकट प्रत्यक्षात २५० पिक्सेल जागा व्यापते. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने ५.५ या आवृत्तीपर्यंत वेगळा हिशेब धरला : सर्व मिळून २००, म्हणजे मजकुरास उरले १५०. एकाच पानात पन्नास पिक्सेलांचा फरक! शेजारी मावणारा स्तंभ खाली घसरे, तो यामुळेच.

२००१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीने मानकाचा हिशेब स्वीकारला, परंतु एका अटीवर. पानाच्या पहिल्याच ओळीत ‘डॉकटाइप’ ही घोषणा योग्य रीतीने केलेली असली, तरच पान मानकानुसार मांडले जाई; नसल्यास जुन्या पानांसाठी ठेवलेल्या जुन्या पद्धतीने. या जुन्या पद्धतीस ‘क्वर्क्स मोड’ म्हणतात. ही दुहेरी व्यवस्था प्रथम २००० साली मॅकसाठीच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आली आणि पुढे सर्वांनी उचलली. ती आजही सर्व प्रमुख ब्राउझरांत जिवंत आहे. डॉकटाइप विसरलेले पान आजही पंचवीस वर्षांपूर्वीच्या काही नियमांनी मांडले जाते.

गमतीची बाब अशी, की या भांडणात मायक्रोसॉफ्टचाच हिशेब माणसाच्या मनाला अधिक पटणारा होता. खोक्याची रुंदी सांगताना आपण पुठ्ठ्यासकट सांगतो, आतल्या वस्तूची नव्हे. पुढे ‘बॉक्स-सायझिंग’ हा गुणधर्म आला आणि त्याला ‘बॉर्डर-बॉक्स’ असे मूल्य दिले, की सर्व ब्राउझर किनारीसकट रुंदी धरू लागले. आज बहुतेक व्यावसायिक शैलीपत्रकांच्या आरंभीच ही ओळ असते. नव्याने काम करणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करावी.

युक्त्यांचा काळ

शतकाच्या प्रारंभी इंटरनेट एक्सप्लोररचा वाटा नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला होता आणि सहाव्या आवृत्तीनंतर सातवी यायला २००६ उजाडले. या पाच वर्षांत संकेतस्थळे घडविणाऱ्यांनी त्याच्या दोषांवर जे तोडगे शोधले, त्यांचे एक स्वतंत्र शास्त्रच झाले. डावीकडे तरंगत ठेवलेल्या चौकटीचे डावे समासांतर दुप्पट होई. त्यावर तिला ‘इनलाइन’ घोषित करणे हा उपाय होता, आणि तो का लागू पडतो हे तर्काने सांगता येत नसे. काही मजकूर अदृश्य होई आणि पान वरखाली सरकवले की परत प्रकटे. खास त्या ब्राउझरलाच वाचता येतील अशा सशर्त टिपांमधून वेगळे शैलीपत्रक देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच केली होती. ती दहाव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. जुन्या पानांत या युक्त्या अजून सापडतात. त्या निःशंकपणे काढून टाकाव्यात. एखाद्या कार्यालयाची अंतर्गत प्रणाली तशीच जुनी असेल, तर एज ब्राउझरमधील ‘आयई मोड’ निदान २०२९ पर्यंत चालू राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे.

त्या काळातील एक सवय मात्र समूळ सोडावी : ब्राउझरचे नाव विचारून त्यानुसार पान देणे. नेटस्केपच्या ‘मोझिला’ या नावाला अधिक चांगली पाने मिळतात, असे दिसताच इंटरनेट एक्सप्लोररने आपली ओळख मोझिला म्हणून सांगायला सुरुवात केली, आणि पुढे सर्वांनीच तो कित्ता गिरविला. आज क्रोमही स्वतःची ओळख देताना मोझिला आणि सफारी ही दोन्ही नावे घेतो. नावावरून काही कळत नाही. त्याऐवजी ‘सपोर्ट्स’ हा सीएसएसमधील नियम वापरून ‘ही सोय तुला येते काय?’ असे थेट विचारावे. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. चौकटींमध्ये अंतर ठेवणारा ‘गॅप’ गुणधर्म सफारीला ‘ग्रिड’ मांडणीत येत होता, ‘फ्लेक्स’ मांडणीत मात्र तो २०२१ च्या १४.१ या आवृत्तीपासून आला. मधल्या काळात प्रश्न विचारला तर सफारी ‘येतो’ असे उत्तर देई आणि पडद्यावर चौकटी एकमेकींना चिकटलेल्या दिसत.

दोष कसा शोधावा?

प्रथम खातरजमा करावी. खासगी खिडकीत, जोड-प्रणाली बंद करून आणि पान शंभर टक्के आकारात ठेवून पाहावे. कित्येकदा दोष पानात नसतोच. जाहिराती अडविणाऱ्या जोड-प्रणालीने एखादी चौकट लपविलेली असते किंवा जुने शैलीपत्रक साठवणीतून येत असते. नंतर डॉकटाइप तपासावा. फायरफॉक्समध्ये पानाची माहिती उघडली, की ते मानक पद्धतीने मांडले आहे की जुन्या, हे तेथेच लिहिलेले असते.

यानंतरचे काम धीराचे आहे. दोन्ही ब्राउझरांत तपासणीची साधने उघडून बिघडलेल्या चौकटीची मोजमापे ताडून पाहावीत. ती जिच्या आत आहे त्या चौकटीची मोजमापे घ्यावीत, मग तिच्याही बाहेरच्या. जेथे आकडे जुळू लागतील, त्याच्या लगेच आतल्या पायरीवर दोष असतो. तरीही उलगडले नाही, तर पानाची प्रत करून तिचा अर्धा भाग काढून टाकावा. दोष उरला, तर उरलेल्यातला अर्धा. नाहीसा झाला, तर काढलेला भाग परत आणून दुसरा अर्धा. दहा-बारा फेऱ्यांत हजार ओळींचे पान चार ओळींवर येते, आणि त्या चार ओळींत उत्तर बहुधा डोळ्यांना दिसते.

सध्या बहुतेक वाचकांपर्यंत पोहोचणारी मांडणीची इंजिने तीनच आहेत : क्रोम, एज व ऑपेरा यांचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. त्यामुळे क्रोम आणि एज या दोहोंत पाहिले म्हणजे दोन ठिकाणी तपासले, असे मानू नये. उलट आयफोनवरचा क्रोम आतून वेबकिटच असतो; युरोपीय संघात २०२४ पासून या सक्तीतून कायद्याने मोकळीक मिळाली, भारतातील ग्राहकांस ती लागू नाही. विंडोजसाठी सफारी २०१२ नंतर आलेला नाही. ओळखीच्या कोणाच्या आयफोनवर पाहणे हा सोपा मार्ग. प्लेराइट या मोफत साधनाबरोबर येणारे वेबकिट विंडोजवरही चालते.

मोबाइलवरचे दोन दोष वारंवार आढळतात. पडद्याच्या उंचीच्या शंभर टक्के म्हणून ठेवलेली चौकट पत्त्याची पट्टी धरून नव्हे, ती नसल्याचे समजून मोजली जाते आणि तळाचे बटण कापले जाते. त्यासाठी २०२२ पासून तिन्ही इंजिनांत ‘डीव्हीएच’ हे नवे परिमाण आले आहे. आधी जुने आणि त्याखालच्या ओळीत नवे लिहावे, म्हणजे न समजणारा ब्राउझर दुसरी ओळ सोडून देतो. दुसरा दोष आयफोनवरचा : अर्जातील रकान्याचे अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर त्यावर बोट ठेवताच पान मोठे होऊन उजवीकडे सरकते. अक्षर १६ पिक्सेल करणे एवढाच उपाय.

देवनागरीची विशेष काळजी

मराठी वाचकांना ब्राउझरभेद फार पूर्वीपासून परिचित आहे. २००० च्या आसपास वृत्तपत्रांच्या महाजालावरील आवृत्त्या स्वतःचे खास फाँट पानाबरोबर पाठवीत. इंटरनेट एक्सप्लोररसाठी बांधलेला फाँट नेटस्केपला वाचता येत नसे आणि मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. युनिकोडने तो प्रश्न मिटविला, मात्र मांडणीचा मिटला नाही. फाँट न सांगितल्यास जुन्या विंडोजवर मंगल, नव्यावर निर्मला, अॅपलच्या उपकरणांवर कोहिनूर आणि अँड्रॉइडवर नोटो येतो. प्रत्येकाची रुंदी आणि उंची निराळी. एके ठिकाणी एका ओळीत मावणारा मथळा दुसरीकडे दोन ओळी घेतो आणि खालची सर्व रचना ढकलतो.

त्यामुळे मराठी पानाबरोबर आपला फाँट पाठवावा. चौकटींना ठराविक उंची देऊ नये, किमान उंची द्यावी. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात ‘र्की’चा रफार वरून आणि ‘द्धू’चा उकार खालून कापला जातो. ओळींमधील अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे. इंग्रजी मथळ्यांत शोभणारे अक्षरांतर देवनागरीस लावू नये, कारण शिरोरेषा तुटते. आणि पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये अवश्य सांगावे. काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी ठेवलेली असतात. ही घोषणा नसेल, तर ब्राउझर हिंदी वळण उचलतो.

इतके करूनही दोष खरोखर ब्राउझरचाच निघाला, तर तो कळवावा. तिन्ही इंजिनांच्या दोषनोंदवह्या सर्वांना खुल्या आहेत. अॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला २०२२ पासून ‘इंटरॉप’ या उपक्रमात दरवर्षी काही विसंगती निवडून एकत्र दुरुस्त करीत आहेत. तक्रारीसोबत पूर्ण संकेतस्थळाचा पत्ता देण्यापेक्षा वर सांगितलेले चार ओळींचे पान जोडावे.