अबोल बिघाडाचा इतिहास

सुटे भाग बाजारांतून आणून घरच्या टेबलावर संगणक जोडणें हा आज पुष्कळ तरुणांच्या हौसेचा विषय झाला आहे. एका दुकानांतून मदरबोर्ड, दुसऱ्यांतून प्रोसेसर, तिसऱ्यांतून स्मृतीच्या पट्ट्या, अशी जुळवाजुळव करून यंत्र उभें राहतें, पडदा उजळतो आणि घरांत आनंदीआनंद होतो. परंतु कधीं कधीं चार दिवसांनीं एक चमत्कारिक दुखणें सुरू होतें. काम चाललें असतां चित्र जागच्या जागीं थिजतें, बाण हलत नाहीं, कळा दाबल्या तरी उत्तर येत नाहीं. पंखा मात्र फिरतच असतो. लोकभाषेंत यास यंत्र 'हँग' झालें असें म्हणतात. मोडलेलें चाक डोळ्यांना दिसतें, तुटलेली तार हाताला लागते. परंतु थिजलेलें यंत्र आपलें दुखणें सांगत नाहीं, आणि बंद करून पुन्हां चालू केलें कीं निरोग्यासारखें वागूं लागतें. उष्णता, वीज, स्मृति, सांधे आणि आज्ञावली या पांचांपैकीं कोणाचाही अपराध असला तरी वरून दिसणारें लक्षण एकच. अशा अबोल बिघाडाचा माग काढण्याची विद्या संगणकाइतकीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास यंत्राच्या इतिहासाहून कमी मनोरंजक नाहीं.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं, पेनसिल्व्हानिया विश्वविद्यालयांत जॉन मॉक्ली व प्रेस्पर एकर्ट यांनीं सिद्ध केलेलें 'एनिॲक' हें यंत्र १९४६ च्या फेब्रुवारी महिन्यांत जगापुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते. ज्यांच्या घरीं जुना रेडिओ होता त्यांस व्हॉल्व्ह जळणें म्हणजे काय हें ठाऊक असेल. एका व्हॉल्व्हचें आयुष्य सरासरीनें ३,००० तास धरलें, तरी १८,००० व्हॉल्व्हांच्या समुदायांत दर दहा मिनिटांनीं एक तरी जळणार हें साधें त्रैराशिक आहे. आणि एक जळला तरी सर्व हिशेब फुकट! यास्तव हें यंत्र कधींच उपयोगी पडणार नाहीं, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. एकर्टनें यावर दोन उपाय योजिले. व्हॉल्व्हांना त्यांच्या नेमलेल्या दाबापेक्षां कमी दाबाची वीज द्यावयाची, हा पहिला. आणि यंत्र शक्यतों बंदच करावयाचें नाहीं, हा दुसरा. कारण व्हॉल्व्ह बहुधा तापतांना किंवा निवतांना दगा देतो, एकसारखा तापलेला असतां क्वचित्. परिणाम असा झाला कीं, पुढें सुमारें दोन दिवसांत एखादा व्हॉल्व्ह जाऊं लागला, आणि तो कोठें गेला हें पाव तासांत शोधतां येई, असें एकर्टनेंच नंतर सांगितलें आहे. यंत्राचे कांहीं भाग उपसून त्या जागीं दुसरे बसवितां येत असत. संशयित भाग काढून खात्रीचा भाग बसवावा आणि काय होतें तें पाहावें, ही आजच्या दुरुस्तीची मुख्य रीत त्या काळींच रूढ झाली होती.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९४७ च्या सप्टेंबरच्या ९ तारखेस, हार्वर्ड विश्वविद्यालयाच्या 'मार्क दोन' या यंत्राच्या चालकांना एका रिलेच्या पट्ट्यांमध्यें सांपडून मेलेला पतंग आढळला. रिले म्हणजे विजेनें उघडझाप करणारी पट्टी. तिच्यामध्यें किड्याचें अंग आलें कीं स्पर्श होत नाहीं आणि यंत्र अडतें. चालकांनीं तो पतंग चिकटपट्टीनें रोजनिशीच्या पानावर डकविला, दुपारीं पावणेचारची वेळ टिपली, आणि खराखुरा किडा सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाचा विनोदी शेरा मारला. यंत्रांतील दोषास 'किडा' म्हणण्याची चाल त्यापूर्वींचीच होती. एडिसनच्या १८७८ च्या एका पत्रांतही ती आढळते. तें पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ठेवींत आहे. लोक त्या पतंगाची मौज सांगतात. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ती रोजनिशी होय. कोणत्या वेळीं, कोणत्या भागांत, काय झालें, हें लिहून ठेवण्याची शिस्त असल्यामुळेंच तो किडा इतिहासांत राहिला.

त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग नांवाचा गणिती एका रिले-यंत्रावर काम करीत होता. त्या यंत्रास स्वतःची चूक ओळखतां येत असे. आठवड्यांतील कामाच्या दिवशीं चूक झाली म्हणजे दिवे लागत व माणसें येऊन ती दुरुस्त करीत. परंतु शनिवार-रविवारीं तेथें कोणी नसे. तेव्हां चूक आढळतांच यंत्र चालू काम टाकून देई व पुढचें घेई. हॅमिंगला सुटीचेच दिवस मिळत. लागोपाठ दोन सोमवारीं त्याला आपलें काम तसेंच पडलेलें आढळलें. त्यानें संतापून स्वतःलाच विचारलें कीं, यंत्राला चूक झाल्याचें कळतें, तर ती कोठें झाली हें कां कळूं नये? या प्रश्नांतून १९५० सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा सिद्धांत जन्मास आला. मूळ अंकांबरोबर कांहीं पडताळ्याचे अंक अशा युक्तीनें गुंफावयाचे कीं, एक अंक बिघडला तर कोणते पडताळे चुकले यावरून त्याची नेमकी जागा निघावी, आणि यंत्रानें तो आपणच सुधारून पुढें चालावें. मोठ्या कचेऱ्यांच्या संगणकांत आज जी स्वयंशोधक स्मृति वापरतात, ती याच कल्पनेची वंशज आहे.

आतांपर्यंत दोष यंत्राचा होता. १९४९ च्या मे महिन्यांत इंग्लंडांतील केंब्रिज येथें 'एड्‌सॅक' चालूं लागलें आणि दोषाचें दुसरें घर दृष्टीस पडलें. यंत्र निर्दोष असूनही त्यास दिलेल्या आज्ञा चुकीच्या असूं शकतात, आणि उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञांतील चुका हुडकण्यांत जाणार, हें आपणांस एकाएकीं कळून आलें, असें त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. आज्ञांची सांखळी फिरून फिरून स्वतःकडेच आली तर यंत्र अखंड राबत असूनही पाहणाऱ्यास तें थिजलेलेंच दिसतें. तें खरोखर अडलें आहे, कीं लांबलचक काम करीत आहे? ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधांतून असें निष्पन्न होतें कीं, कोणतीही आज्ञावली घेतली तरी ती थांबेल कीं नाहीं हें आगाऊ ठरविणारी सर्वसाधारण रीत असूंच शकत नाहीं. म्हणून माणसानें व्यवहारी तोड काढली. यंत्रांत एक पहारेकरी घड्याळ ठेवावयाचें. ठराविक वेळांत चालू कामाकडून 'जागा आहे' अशी खूण आली नाहीं तर त्यानें यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरू करावयाचें.

बिघाड होण्यापूर्वींच तो ओळखावा, हा विचार अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेंत 'व्हर्लविंड' यंत्र बांधतांना पुढें आला. जे फॉरेस्टर व त्यांचे सहकारी यंत्राच्या एकेका भागाचा विद्युत्-दाब मुद्दाम कमीअधिक करून पाहत. सशक्त व्हॉल्व्ह हा ताण सोसत; जो लवकरच जाणार तो त्या परीक्षेंतच उघडा पडे. बाजारांत मडकें घेतांना बोटानें वाजवून पाहतात, त्यांतलाच हा प्रकार. घरगुती संगणकावर तासन्‌तास जड काम लादून तो टिकतो कीं नाहीं हें आज पाहतात, त्या कसोटीचें मूळ येथें आहे.

आपल्याकडेही ही विद्या हातानें कमाविली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं १९५६ पर्यंत एक लहान नमुना-यंत्र चालू करून पाहिलें आणि त्या अनुभवावर मोठें यंत्र बांधलें. तें १९६० सालीं कामास लागलें व १९६२ सालीं पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह आणि सुमारें १२,५०० रोधक होते, आणि चुंबकीय कड्यांची २,०४८ शब्दांची स्मृति होती. विकत आणलेल्या यंत्राचा दोष विकणाऱ्याकडे सोंपवितां येतो; स्वतः जोडलेल्या यंत्राचा वैद्य स्वतःच व्हावें लागतें. म्हणून त्या काळीं यंत्र घडविणारे आणि यंत्र समजणारे लोक एकच असत.

ही जबाबदारी सामान्य हौशी माणसाच्या घरीं आली ती १९७५ सालीं. त्या वर्षीच्या जानेवारींत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हें यंत्र झळकलें. सुट्या भागांची पेटी चारशें डॉलरांच्या आंत मिळे. त्यास पडदा नव्हता, कळफलक नव्हता. स्मृति अवघी २५६ बाइटांची. बटणें खालवर करून आज्ञा द्यावयाची आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांत वाचावयाचें. एक डाक नीट बसला नाहीं तर दिवे जागच्या जागीं थांबत. त्याच वर्षीच्या ५ मार्चला कॅलिफोर्नियांत मेन्लो पार्क येथील एका गॅरेजमध्यें हौशी मंडळींचें पहिलें संमेलन भरलें. एकाचा अनुभव दुसऱ्यास सांगावा आणि एकाचें अडलेलें यंत्र चौघांनीं मिळून पाहावें, हा अशा बैठकींचा मोठा लाभ होता.

पुढें यंत्रें लहान झालीं, व्हॉल्व्ह गेले, आणि दोष अधिकच सूक्ष्म झाले. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनींतील टिमथी मे व मरे वुड्स यांनीं दाखवून दिलें कीं, चिपेच्या वेष्टनांत अत्यल्प प्रमाणांत असलेल्या युरेनियम-थोरियमसारख्या द्रव्यांतून निघणारे आल्फा-कण स्मृतींतील अंक उलटवूं शकतात. तेथें कांहीं मोडत नाहीं, जळत नाहीं. केवळ शून्याचा एक होतो. १९७९ सालीं आयबीएमचे जेम्स झीग्लर व त्यांचे सहकारी विल्यम लॅनफर्ड यांनीं अंतराळांतून येणाऱ्या विश्वकिरणांचाही असा परिणाम होऊं शकतो असें प्रतिपादिलें. बंद करून पुन्हां चालू केल्यावर यंत्र बरें कां होतें, याचें एक उत्तर यांत सांपडतें.

१९८१ च्या ऑगस्टमध्यें आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारांत आला. चालू होतांच तो आपली तपासणी आपणच करी आणि सर्व ठीक असल्यास एकदां टुणकन् वाजे. त्याच्या स्मृतींत प्रत्येक आठ अंकांमागें पडताळ्याचा एक नववा अंक असे. पडताळा चुकला तर पडद्यावर तशी सूचना देऊन तो जाणूनबुजून थांबत असे. हें थांबणें प्रामाणिकपणाचें होतें. खोटें उत्तर देण्यापेक्षां मौन बरें, असा त्यांत संकेत होता. पुढें १९९० नंतरच्या दशकांत किंमत उतरविण्याच्या चढाओढींत घरगुती यंत्रांतून बहुधा हा नववा अंक काढून टाकण्यांत आला. मग स्मृति बिघडली तरी यंत्र तसेंच पुढें जाई, बिघडलेला अंक कागदपत्रांत शिरे, आणि केव्हां तरी अवचित सगळें थिजे. पैसा वांचला, पण साक्षीदार गेला. ही उणीव भरून काढण्यासाठीं ख्रिस ब्रॅडी यांनीं १९९४ सालीं 'मेमटेस्ट८६' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. ती दुसऱ्या कोणत्याही आज्ञावलीच्या आधारावांचून स्मृतीचें घर अन् घर लिहून व वाचून पाहते.

याच दशकांत आपल्या शहरांतही 'असेंबल्ड' संगणकाचा व्यापार फोफावला, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता सुट्या भागांसाठीं सर्वतोमुखीं झाला. यंत्र स्वस्त मिळूं लागलें, पण दहा ठिकाणच्या दहा भागांचें एकमेकांशीं जुळेल याची हमी कोणाची, हा प्रश्न ग्राहकाच्या गळ्यांत पडला. त्यांत आणखी भर पडली. १९९७ च्या नोव्हेंबरांत असें उघडकीस आलें कीं, पेंटियम प्रोसेसरला एक विशिष्ट विकृत आज्ञा दिली तर तो पूर्णपणें थिजतो. त्यानंतर, विशेषतः २००२ च्या आगेमागें, अनेक मदरबोर्डांवरील लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर अकालीं निकामी होऊं लागले. त्यांच्यांतील द्रव सदोष होता. त्यापासून वायु निघून नळकांड्याचें डोकें फुगे आणि तपकिरी द्राव बाहेर येई. विजेचा पुरवठा अस्थिर होई आणि यंत्र वारंवार अडे. येथें निदानास उपकरण लागत नव्हतें. झांकण उघडून डोळे उघडे ठेवणें पुरेसें होतें.

अगदीं अलीकडे, २०२४ सालीं, इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांवर यंत्रें मध्येंच कोसळत असल्याचा बोभाटा झाला. कित्येकांनीं स्मृति बदलली, कित्येकांनीं इतर भाग बदलले, पण गुण येईना. अखेरीस कंपनीनें मान्य केलें कीं, प्रोसेसर गरजेपेक्षां अधिक विद्युत्-दाब मागत होता आणि त्या दाबानें व उष्णतेनें त्याचा एक भाग अकालीं जीर्ण होत होता. सुधारित आज्ञा देण्यांत आल्या, हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. परंतु झालेली झीज कांहीं भरून येत नाहीं. एकर्टनें व्हॉल्व्हांचा दाब उतरवून जें साधलें, त्याचेंच हें उलटें उदाहरण होय.

आजचा घरगुती कारागीर अडलेल्या यंत्रापुढें बसतो तेव्हां त्याच्या प्रत्येक कृतीमागें हा इतिहास उभा असतो. तो प्रथम पाहतो, यंत्र थंड असतां अडतें कीं तापल्यावर; धूळ झाडतो, पंखा तपासतो. वाढविलेला वेग उतरवून कारखान्यानें ठरविलेल्या वेगावर आणतो. स्मृतीच्या पट्ट्या काढून एकेक बसवितो आणि रात्रभर त्यांची परीक्षा घेतो. दुसऱ्या आज्ञावलीवर यंत्र चालवून दोष यंत्राचा कीं आज्ञांचा हें वेगळें करतो. अखेरीस खात्रीचा पॉवर सप्लाय मागून आणून लावून पाहतो. या सर्वांत नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारलें, तर दोष गेला पण कारण हरवलें. तेंच दुखणें पुन्हां आल्यास सगळा शोध पहिल्यापासून.

आणि त्यानें एक वही अवश्य ठेवावी. यंत्र कोणत्या दिवशीं, किती वाजतां, काय चाललें असतां थिजलें. त्यानंतर काय बदललें आणि काय झालें, हें तींत लिहावें. एका खेपेस कांहीं उमगत नाहीं. परंतु दहा नोंदी एकाखालीं एक आल्या म्हणजे त्यांतील सारखेपणा दिसूं लागतो, आणि इतका वेळ मुकें असलेलें यंत्र त्या वहींतून बोलूं लागतें.