पुण्याजवळ घडलेले नाक

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक चित्र व पत्र छापून आले. चित्रातला माणूस कावसजी. नाव पारशी वाटले तरी पत्रात त्याला शेतकरी मराठा म्हटले आहे. 1792 च्या युद्धात तो इंग्रजी फौजेत बैल हाकीत असे. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक केले.

मेणाचा पातळ पत्रा नाकासारखा बसवून पाहायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी त्वचा सोडवायची; मात्र दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवून ती खाली वळवायची. सांध्यावर काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड, म्हणजे श्वासाची वाट बुजत नाही. ती चिंचोळी पट्टी तोडायची पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास.

सगळे मर्म या पट्टीत आहे. नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत त्वचेला रक्त तिच्यातूनच मिळते. सुश्रुतसंहितेत गालाची त्वचा सांगितली आहे, कपाळाची नव्हे. म्हणून 'हे सारे सुश्रुताचेच' असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. मधल्या काळात कोणीतरी पद्धत बदलली.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी ती 1814 मध्ये वापरली, 1816 मध्ये पुस्तक लिहिले. कपाळाच्या त्वचेचे नाक आजही करतात. पत्रात शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत, करणाऱ्याचे नाही.