किती देती?

माझा भाचा डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. नांदेडचा पोरगा, अकरावी-बारावी लातूरला काढलेला, म्हणजे आमच्या भागातल्या हुशार मुलांचा ठरलेला रस्ता. मध्यंतरी त्यानं जुन्यातली, 2012 सालची कॅडिलॅक सीटीएस-व्ही घेतली आणि व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. काळी, चार दारांची, मागे डिक्की. आक्कानं ना सीटकडं पाहिलं ना बॉनेटकडं. विचारलं ते एकच, "किती देती?"

"गावात सहा, हायवेला आठ."

"इतकं पेट्रोल कामून पिती? ट्रॅक्टर हाय का?"

मग भाच्यानं मला समजावलं, कारण मामाला गाड्यांतलं कळतं अशी त्याची लहानपणापासूनची समजूत आहे. इंजिन 6.2 लिटरचं, आठ सिलिंडर, वर सुपरचार्जर, ताकद 556 हॉर्सपॉवर. आमच्या घरातल्या प्रीमियर पद्मिनीची ताकद चाळीसच्या आसपास होती. म्हणजे एका बॉनेटखाली चौदा पद्मिन्या. आणि हे प्रकरण तो रोज ऑफिसला नेतो, येताना त्यातूनच भाजी आणतो, शनिवारी पोरीला पोहायला सोडतो. माझं मन त्या 'रोज'पाशी अडलं. आमच्याकडं अशी गाडी कुणी आणलीच, तर ती लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीच्या निकालाला बाहेर निघेल. पण अमेरिकन गाडी नांदेड-लातूरच्या रस्त्यावर रोजच्या कामाला कधी होती की नव्हती? हे शोधायला बसलो आणि बराच मागं गेलो.

निजामाच्या राज्यात नांदेडला रेल्वे आली ती 1900 च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची मीटरगेज. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी यायची. मोटार ही चीज आली ती यांच्या मागून, तीही आधी श्रीमंतांच्या दारात. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वे खात्यानं 27 बस घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. त्या बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया एसटीला अजून 'मोटार' म्हणतात ती त्या काळाची खूण.

खाजगी मोटारींत मात्र साहेबाच्या राज्यात साहेबाची गाडी मागं पडली होती. 1920 आणि 1930 च्या दशकांत हिंदुस्थानात अमेरिकन गाड्यांनी इंग्रजी गाड्यांना धूळ चारली, आणि धूळच त्याचं कारण. अमेरिकेतल्या खेड्यांचे रस्तेही कच्चेच होते. म्हणून तिकडची गाडी जमिनीपासून उंच, इंजिन मोठं, स्वभाव सोशिक. इंग्लंडातली गाडी छोट्या, गुळगुळीत रस्त्यांसाठी बेतलेली. आमच्या काळ्या मातीत कोण टिकणार हे सांगायला ज्योतिषी नको. 1926 मध्ये फोर्डनं इथं कंपनी काढली ती कॅनडाच्या फोर्डमार्फत, कारण कॅनडा साम्राज्यातला, शिवाय उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथूनच निघत. जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला कारखाना घातला आणि 4 डिसेंबर 1928 ला तिथून पहिली शेवरलेट बाहेर पडली. जिनिंगवाल्या एका सावकाराच्या शेवरलेटच्या मागं पोरं पळायची, असं आजोबा सांगत. पळायची ती पाहायला की ढकलायला, यावर घरात दुमत होतं.

गाडी अमेरिकन असली तरी तिच्या अवयवांची नावं ब्रिटिश राहिली, हे गमतीचं. त्या काळच्या मोटारींना मागं उघडं, उचलून उभं करायचं जादा आसन असे, त्याला इंग्रज 'डिकी' म्हणत. आसन गेलं, सामान आलं, शब्द राहिला. 'स्टेपनी' तर वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव. तिथल्या दोघा भावांनी जादा चाक विकायला काढलं आणि त्या रस्त्याचं नाव आमच्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर येऊन बसलं. डेट्रॉइटमध्ये माझा भाचा 'डिक्की उघड' म्हणतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याला काही कळत नाही.

आता हँडल. चाळिशीच्या पुढच्या कुणाही मराठवाडी माणसाला 'हँडल मार' म्हटलं की हात आपोआप वळतो. जीपला, ट्रॅक्टरला, ॲम्बेसेडरला पुढच्या बंपरमधून लोखंडी दांडा घालायचा आणि हिसका द्यायचा. वडिलांची शिकवण एकच होती, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, दांड्याला मिठी मारू नको. इंजिन उलट फिरलं तर मिठी मारणाऱ्याचं मनगट जातं. हे सारं जगाला नकोसं झालं होतं आणि त्यावर टिकलेला तोडगा आणला तो कॅडिलॅकनं. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं विजेचा स्टार्टर बनवला आणि 1912 च्या कॅडिलॅकला तो कारखान्यातूनच बसवून आला. बटण दाबा, गाडी सुरू. हेन्री लेलंड या कारागीर माणसानं 1902 मध्ये उभी केलेली ही कंपनी, नाव घेतलं ते 1701 मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं.

कॅडिलॅकची त्याही आधीची एक करामत मला जास्त मोठी वाटते. 1908 मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या खिळा न् खिळा सुट्या केल्या, सगळे सुटे भाग एकत्र मिसळले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. तिन्ही चालल्या. तोवर बहुतेक मोटारींचे भाग कानस मारून त्या-त्या गाडीपुरते बसवावे लागत. या खटाटोपाबद्दल कॅडिलॅकला ड्युअर ट्रॉफी मिळाली. लातूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर कोपर टेकून आपण 'कंपनीचा द्या, डुप्लिकेट नको' म्हणतो, आणि तो पार्ट आणून बसवला की बसतो, त्याची मुळं त्या ढिगात आहेत.

म्हणजे कॅडिलॅकची वस्तू आमच्याकडं आली ती नाव गाळून. पुढं साठ-सत्तर वर्षं याच्या बरोब्बर उलट घडत गेलं.

सोलापूरचे वालचंद हिराचंद. मोटारीचा कारखाना देशात हवा म्हणून ते लढाईच्या काळातच धडपडत होते. क्रायस्लरशी करार करून त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. जवळपास एकच गाडी, नाकाडोळ्यांचा फरक करून तीन नावांची. ट्रक होते डॉज आणि फार्गो. आमचा भाग तेव्हा भारतात नव्हता. पुढच्या वर्षी 13 सप्टेंबरला सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं लष्कर आत शिरलं तेव्हा बरोबर शर्मन रणगाडे होते, तेही अमेरिकेतच घडलेले. मराठवाड्याच्या मुक्तीच्या कहाण्यांत ही बारीक गोष्ट कुणी सांगत नाही.

अमेरिकन मोटारींचं दाणापाणी मात्र लवकरच संपलं. 1953 मध्ये सरकारनं ठरवलं की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना इथं जागा नाही, गाडी देशात बनवायची तयारी हवी. जनरल मोटर्सनं 1954 मध्ये शिवडीचं काम बंद केलं, फोर्डही गेली. प्रीमियर फियाटकडं वळली. मोठ्या अमेरिकन इंजिनाला पेट्रोल पाजणं नव्या देशाला परवडणारंही नव्हतं. आक्काचा प्रश्न तेव्हा सरकारनंच विचारला होता म्हणायचं. मागं राहिला फक्त शब्द, 'इम्पाला'. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या सरकारी महामंडळामार्फत विकल्या जात, त्यातून मुंबईच्या नटांकडं इम्पाला आल्या. नांदेडात ती सिनेमाच्या पडद्यावरच पाहायची.

एक अमेरिकन मात्र टिकली, पण तिचं गोत्र सगळे विसरले. विलीज जीप. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेच तिची जोडणी मुंबईत माझगावला सुरू केली. तहसीलदाराची जीप, प्रचाराची जीप, मग काळी-पिवळी, आत नऊ माणसं न् टपावर चार. कुणाला ती विलायती वाटली नाही. आता त्याच नावाची कंपनी 2017 पासून पुण्याजवळ रांजणगावला कंपास बनवते. आमच्या गावात कुणी वीस-बावीस लाख मोजून ती घेतली आणि म्हाताऱ्याला सांगितलं की जीप घेतली, तर म्हातारा म्हणणारच, "जीपच घ्यायची व्हती तर जुनी काय वाईट व्हती?"

उदारीकरणानंतर अमेरिकन नावं परतली. महिंद्राबरोबर फोर्डनं 1996 मध्ये नाशिकहून एस्कॉर्ट काढली, 1999 मध्ये मद्रासकडून आयकॉन आली. 'पिकअप' हा शब्द आमच्या पोरांच्या तोंडी त्या आयकॉननं रुळवला. पण खरी कहाणी शेवरलेटची. 2003 मध्ये ते नाव इथं परत आलं, आणि 2009 च्या दिवाळीच्या आगेमागे क्रूझ बाजारात उतरली. किंमत अकरा लाखांच्या आसपास, डिझेल इंजिन 150 हॉर्सपॉवरचं. 2012 मध्ये ते 166 वर गेलं. त्या पैशात एवढी ताकद दुसरं कुणी देत नव्हतं. नांदेडात 2008 च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यासाठी रस्ते नुकतेच रुंद झाले होते. त्या रस्त्यांवर रात्री साडेदहानंतर एमएच-26 ची पांढरी क्रूझ, आत चार पोरं, आणि सिग्नलवरून सुटताना टायरचा आवाज, हे मी पाहिलंय. ठेकेदारांची मुलं, नगरसेवक होऊ घातलेले, ट्यूशनच्या धंद्यात पैसा केलेले. आमच्याकडची 'अमेरिकन परफॉर्मन्स सेडान' ती हीच.

तिची जन्मपत्रिका उघडा. अंगानं कोरियन, जनरल मोटर्सनं घेतलेल्या देवूच्या घराण्यातली. डिझेलचं मूळ इटलीच्या व्हीएम मोतोरीत. जोडणी गुजरातेत हालोलला. अमेरिकेचं काय, तर पुढच्या जाळीवरचा सोनेरी फुलीसारखा बिल्ला. ऑप्ट्राही देवूच. आणि तवेरा, जिच्यातून अर्धा मराठवाडा तुळजापूर, शिर्डी, पंढरपूर करून आला, ती मुळात जपानच्या इसुझूची. 2025 च्या जुलैत मुंबईत बीकेसीला टेस्लाचं दुकान उघडलं, किंमत साठ लाखांच्या घरात. पहिली गाडी घेतली राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी, ज्यांच्या खात्यात आपली एसटी येते. ती टेस्ला बनते शांघायला. बिल्ला एकीकडचा न् गाडी दुसरीकडची, हा खेळ काही संपत नाही.

2017 च्या शेवटी शेवरलेटनं भारतातली विक्री थांबवली. त्याआधीच आमच्याकडची पैसेवाली मंडळी स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनरवर चढली होती. त्यात नुसता रुबाब नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, वरचा डांबरी थर तिच्याबरोबर हलतो. लोह्याहून अहमदपूरला जाताना रस्ता कितीही नवा असो, दोन पावसाळ्यांत त्याला लाटा येतात. शिवाय प्रत्येक गाव आपापला गतिरोधक स्वतः घालतं, उंची सरपंचाच्या मर्जीनं. सेडान खाली घासते. ती आता डॉक्टर, प्राध्यापक आणि माझ्यासारख्या निवृत्तांकडं उरली.

भाच्याला म्हटलं, तुझ्याकडचे रस्ते चांगले म्हणून चालतंय. तो हसला. मिशिगनचे खड्डे तिकडं बदनाम आहेत म्हणे. फटीत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, वितळतं, आणि रस्ता फुटतो. आमची माती जे पावसाळ्यात करते ते तिकडं बर्फ करतो. मग ही गाडी रोज चालते कशी? त्याचं उत्तर तिच्या शॉकॉबमध्ये आहे. आत तेलात लोखंडाची अतिबारीक पूड असते. वीज सोडली की चुंबकानं ती पूड रांग धरते आणि तेल घट्ट होतं, वीज काढली की पातळ. चाक खड्ड्यात जाताच क्षणात घट्ट-पातळ ठरतं. ही युक्ती 2002 च्या सुमारास पहिल्यांदा कॅडिलॅकच्याच सेव्हिल गाडीत आली. म्हणून भाज्यांची पिशवी न सांडणारी याच मॉडेलची गाडी 2008 मध्ये जर्मनीच्या न्यूरबर्गरिंगला आठ मिनिटांच्या आत फेरी मारून आली. तिथवर चार दारांच्या गाड्यांत जर्मनांची मिरास होती. मला त्या वेगापेक्षा पिशवीचं कौतुक जास्त.

"मामा, इथं आणता येईल का?" त्यानंच विचारलं. मी म्हटलं, आण. डाव्या स्टिअरिंगची गाडी कायमची आणून नोंदवायची तर नियम आडवा येतो. तो ओलांडलास तर आयात कर गाडीच्या किमतीहून जास्त. तोही भरलास तर पेट्रोल. तिला भारीतलं लागतं, आणि आमच्या भागात साधंच महाग. 2021 मध्ये परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग म्हणून पेपरात गाजलं, कारण टँकर येतो थेट मनमाडच्या डेपोतून. नांदेड तर मनमाडपासून आणखी लांब.

दिवाळीत तो आला तेव्हा लातूरला जुन्या सरांना भेटायला भाड्याची गाडी केली. चाकूरच्या अलीकडं चहाला थांबलो. ड्रायव्हर साठीचा, हाताला मनगटाजवळ जुनी गाठ. त्यानं भाच्याला विचारलं, तिकडं कोणती गाडी हाय. भाचा म्हणाला, कॅडिलॅक. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी मध्ये पडलो, "अहो, शेवरलेच्या कंपनीचीच."

"हां, तवेरावाले!" त्याचा चेहरा उजळला. कपातला उरलेला चहा त्यानं बशीत ओतला. "सात वर्सं चालविली मी. लई गुणी गाडी. पर आता तिचे पार्ट भेटत न्हाईत, भाऊ. तिकडून येताना एखादा आणता आला तर बघा."