नाड्याची कडी : मोट, मातंग आणि बिनगाठीचा दोर

बैलाचे जुने, हातवळणीचे दावे कुठे पाहायला मिळाले तर त्याचे एक टोक निरखून पाहावे. तिथे कडी असते, पण गाठ नसते. दोर वळून स्वतःतच शिरलेला दिसतो. गाठ न मारता दोराला कडी करण्याची आणि दोराला दोर सांधण्याची विद्या जगभर खलाशांची म्हणून नावाजली गेली. समुद्रापासून दूर, भीमा आणि घोड नद्यांच्या काठी, शिरूर-दौंडच्या कोरडवाहू पट्ट्यात मात्र ती विहिरीच्या तोंडाशी राबत होती. हा धागा त्या दोराविषयी आणि तो वळणाऱ्या हातांविषयी आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. पुण्याहून पूर्वेला जावे तसा पाऊस आटत जातो. शिरूर-दौंडकडे तो वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. हॅरॉल्ड मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी दख्खनच्या खेड्यातील जमीन, श्रम आणि कर्ज यांचा अभ्यास करताना दुसरे गाव म्हणून शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक निवडले. त्यांचा ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्याआधीचा अभ्यास पिंपळे सौदागरचा होता. जिरायत मुलखाची स्थिती कळावी यासाठी जातेगावसारखे गाव हवे होते. अशा गावात बागायत म्हणजे विहीर, आणि विहीर म्हणजे मोट.

मोटेला दोन दोर लागत. मोटेच्या तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. तो उंचावरच्या चाकावरून जाई. मोटेच्या खालच्या बाजूस चामड्याची लांब सोंड असे. तिच्या टोकाला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोल. तो खालच्या लाकडी कण्यावरून जाई. दोन्ही दोरांची दुसरी टोके बैलांच्या जुवाशी एकत्र येत. बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊ लागले की मोट वर येई. त्या वेळी सोलेच्या ओढीने सोंड दुमडून मोटेच्या तोंडाइतकी उंच राही, म्हणून पाणी सांडत नसे. काठावर येताच सोंड कण्यावरून पुढे ओढली जाऊन थारोळ्यात पडे, आणि मोट आपोआप रिती होई. मोट उपडी करायला काठावर माणूस उभा करावा लागत नसे. ही सारी करामत दोन दोरांच्या लांबीतील नेमक्या फरकावर उभी होती. सोल वीतभर सैल पडली तरी पाणी वाटेतच विहिरीत परत जाई. मोटेचे गुणगान करणारे चामडे आणि बैल यांच्याविषयी पुष्कळ लिहितात, पण या हिशेबाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

दीडशे लीटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन. त्यात भिजलेल्या चामड्याचे वजन वेगळे, आणि दिवसभरात अशा शेकडो खेपा. नाडा मध्येच तुटला तर दोन टोकांची गाठ मारून भागत नसे, कारण गाठ चाकावर अडते. दुसरे असे की गाठीत दोर एकदम तीव्र वळण घेतो. बाहेरच्या तंतूंवर सारा ताण येतो, आतले तंतू मोकळेच राहतात. त्यामुळे साधी गाठ दोराची ताकद जवळजवळ निम्म्यावर आणू शकते. यावर उपाय म्हणजे सांधा. दोन्ही टोकांचे पेड उकलायचे, ते समोरासमोर आणायचे आणि एकाचे पेड दुसऱ्याच्या पेडांखालून, पिळाच्या उलट्या दिशेने, आलटून पालटून गुंफत जायचे. ताण येतो तसा बाहेरचा पीळ आवळतो आणि आत घुसलेल्या पेडांना धरून ठेवतो. जितके ओढावे तितकी पकड घट्ट. नीट केलेला सांधा दोराची नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद राखतो. कडी करायची झाली तर तेच टोक मागे वळवून त्याच दोरात असे गुंफायचे. दाव्यासारख्या लहान दोराला तेवढेही लागत नाही. वळायला सुरुवातच दुमडीपासून केली की दुमड हीच कडी होते.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण माणसाच्या हट्टाविषयी वापरतो. दोर वळणाऱ्याच्या दृष्टीने ती तंत्राची गोष्ट आहे. अंबाडी, ताग किंवा बांधावरची घायपात पाण्यात कुजवायची, झोडपायची, धुवायची आणि तिचा वाख काढायचा. कुजवणीची दुर्गंधी अंगाला चिकटून राही. वाखाच्या सुताला एका दिशेने पीळ द्यायचा, आणि असे तीन पेड एकत्र वळताना उलट्या दिशेने. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना उकलू देत नाहीत. त्यांच्या त्या भांडणावरच दोर टिकतो. यातली घायपात मूळची अमेरिका खंडातली, हेही इथे सांगून ठेवावे. ‘अस्सल गावरान’ दोराचे कुळही सातासमुद्रापलीकडचे निघू शकते.

हे काम गावगाड्यात मांग, म्हणजे आजच्या मातंग, समाजाकडे होते. नाडा, सोल, चऱ्हाट, कासरे, दावी यांच्या बदल्यात सुगीला बलुते म्हणून धान्य मिळे. बाराबलुतेदारीचे ‘परस्परावलंबन’ म्हणून आज जे गोड चित्र रंगवले जाते, त्याची परीक्षा याच दोरावर होते. मातंगाने वळलेला नाडा सवर्णाच्या विहिरीत दिवसभर बुडत असे. तो वळणाऱ्या माणसाला त्या विहिरीला शिवण्याची मुभा नव्हती. दोर विटाळत नव्हता, हात विटाळत होता. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता चौदा वर्षांची होती. ती याच समाजातली, फुल्यांच्या शाळेतली. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो १८६८ साली, पुण्यात. त्या पुण्यापासून शिरूर साठ-सत्तर किलोमीटरच आहे, पण विहिरींपर्यंतचे अंतर याहून फार मोठे होते.

मोट हटवली ती इंजिनाने. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात उभी राहिली. पुढे विजेचे पंप आले. १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला. पण नाड्याची गरज कायद्याआधी यंत्राने संपवत आणली, आणि नाडाच नको झाला तेव्हा त्यापोटीचे बलुतेही आटले. बलुत्याची लाचारी गेली हे चांगलेच झाले. मात्र लाचारीसोबत हातातले कामही गेले, आणि त्या कामाऐवजी वाट्याला जमीन आली नाही. जुन्या गावगाड्यासाठी हळहळणारे आणि त्याच्या मोडण्याचा केवळ उत्सव करणारे, दोघेही या हिशेबातली एकेक बाजू गाळतात.

त्यानंतर आला कृत्रिम धागा. नायलॉनचा शोध १९३५ सालचा. आज बाजारात ज्याला सरसकट ‘नायलॉनची दोरी’ म्हणतात, ती पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती कुजत नाही, हलकी असते, पण गुळगुळीत असते. अंबाडीचा खरखरीत तंतू स्वतःच दुसऱ्या तंतूला धरतो, म्हणून तिथे पेड तीन वेळा गुंफले तरी कडी टिकते. कृत्रिम दोरात हीच गुंफण किमान पाच वेळा करावी लागते, आणि उकललेली टोके आधी आचेवर वितळवून बंद करावी लागतात. विणीच्या पोकळ दोराचे गणित निराळे. तिथे टोक दोराच्या पोटातच लांबवर सरकवतात. ताण आला की वीण लांबते, बारीक होते आणि आतल्या टोकाला आवळते. तत्त्व नाड्याचेच.

याची गरज कुठे पडते ते पाहायला पाटस किंवा न्हावरे परिसरातल्या उसाच्या फडात जावे. तोड सुरू असते तेव्हा बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असते आणि तिच्यात तान्हे मूल झोपलेले असते. झोळीला आता बहुधा कृत्रिम दोरी असते, आणि तिला मारलेली गाठ हेलकाव्यांनी हळूहळू सुटत जाते. गुळगुळीत दोरीत साधी गाठ टिकत नाही. तिथे गुंफलेली कडीच हवी, निदान गाठीपुढे वीतभर टोक राखून त्याची दुसरी गाठ तरी.

पोळ्याच्या आधीच्या आठवडे बाजारात अजून मातंग कुटुंबे म्होरक्या, वेसणी आणि कासरे घेऊन बसतात. शेजारीच यंत्रावर वळलेले रंगीबेरंगी कासरे स्वस्तात मिळतात. जाणता शेतकरी कासरा रंगीत घेतो, वेसण मात्र मऊ सुताचीच निवडतो. कृत्रिम दोरी बैलाची नाकपुडी कापते.