कवटीआडचे चित्र

प्रतिमा जितकी सुस्पष्ट तितकी ती खरी, असे आपण गृहीत धरून चालतो. मेंदूच्या प्रतिमांचा इतिहास चाळताना आम्हांला हे गृहीतक पुन्हा तपासावेसे वाटले.

१८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण गवसले आणि हाडे दिसू लागली. मेंदू मात्र हाडांच्याच पेटीत बंद. त्यातले मऊ भाग क्ष-किरण जवळजवळ सारखेच शोषतात. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव काढून तेथे हवा भरली. फिल्मवर उमटलेली हवेची आकृती कोठे दबली, कोठे सरकली, यावरून गाठीचे स्थान ताडायचे. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मानेतील धमनीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचे जाळे दृश्य केले. बहुधा गाठ स्वतः दिसत नसेच. तिने शेजाऱ्यांना दिलेल्या धक्क्यावरून ती ओळखावी लागे. हवा भरलेल्या रुग्णाला तीव्र डोकेदुखी व ओकाऱ्या होत. या अनुमानाची किंमत तोच मोजत होता.

पुढचे पाऊल पडले ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत. तेथील अभियंता गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. डोक्यातून अनेक दिशांनी बारीक किरण सोडावेत, प्रत्येक किरण किती क्षीण झाला ते मोजावे आणि आतल्या प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढावी, अशी त्यांची कल्पना. म्हणजे हे छायाचित्र नव्हेच, हे सोडवलेले गणित होय. प्रयोगशाळेतील आरंभीच्या चाचणीत एका छेदाला नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात, जेम्स ॲम्ब्रोझ यांच्या साहाय्याने, पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. प्रतिमा अवघ्या ८० × ८० चौकटींची, आजच्या दृष्टीने ओबडधोबड. पण तीत गाठ प्रत्यक्ष दिसली. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह मिळाले. कॉर्मॅक यांच्या १९६३-६४ मधील गणिती लेखांकडे तोवर फारसे कोणी फिरकलेही नव्हते.

एमआरआय आल्यावर प्रतिमा अधिकच रेखीव झाल्या आणि शल्यचिकित्सक त्या नकाशासारख्या वापरू लागले. अडचण येथेच होती. कवटी उघडून आवरण छेदले की द्रव वाहून जातो, मेंदू खचतो. गाठ काढताना उरलेली पोकळीही मिटू लागते. हे सरकणे कधी एक सेंटिमीटरहूनही अधिक असते. शस्त्रक्रियेपूर्वीची प्रतिमा तितकीच रेखीव राहते, मेंदू मात्र तिच्यातून निघून गेलेला असतो. गाठीला लागून वाचेचे केंद्र असेल, तर रुग्ण नंतर बोलेल की नाही हे काही मिलिमीटरांवर ठरते.

१९९४ मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात फेरेन्क जोलेश आणि सहकाऱ्यांनी दोन कड्यांचे एमआरआय यंत्र वापरात आणले. कड्यांमधील फटीत उभे राहून शस्त्रक्रिया करायची. हत्यारे चुंबकाकडे न ओढली जाणारी. चुंबक अर्ध्या टेस्लाचा, तर निदानाच्या यंत्रांत तेव्हा दीड टेस्लाचा रूढ होता. अधिक धूसर चित्र त्यांनी जाणून स्वीकारले, कारण ते त्या क्षणाचे होते. सावकाश वाढणाऱ्या काही गाठी डोळ्यांना निरोगी मेंदूसारख्याच दिसतात. तेथे शल्यचिकित्सक हात थांबवी, नवी प्रतिमा घेई आणि गाठीचा किती भाग उरला आहे ते पाहून मगच पुढे जाई.