मधुमेहप्रतिबंध, कुटुंबाधारित : पलूस परिसर

मधुमेह जडण्यापूर्वीच आहार, श्रम व शरीरभार यांत इष्ट बदल करून तो टाळण्याचा अथवा लांबविण्याचा आणि हा बदल एकट्या व्यक्तीऐवजी सबंध घराच्या पातळीवर घडविण्याचा प्रयत्न. पलूस (जि. सांगली) परिसरात या प्रयत्नाच्या इतिहासाला विशेष अर्थ आहे. ऊस व साखर ही येथील अर्थव्यवस्थेची प्रमुख अंगे आहेत. शिवाय सूर्यनमस्कारांचा संघटित प्रचार ज्या औंध संस्थानातून झाला, त्यातच या तालुक्यातील कुंडल व किर्लोस्करवाडी ही गावे मोडत होती.

आयुर्वेदात हा रोग प्रमेहाच्या प्रकरणात येतो. चरकसंहितेने त्याच्या कारणांत बैठे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. सुश्रुतसंहितेने सहज (जन्मजात) व अपथ्यजन्य असे दोन भेद मानले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो, असे निरीक्षण नोंदविले आहे. स्थूल रोग्याने दूरवर पायी चालावे, गाईंबरोबर राहावे, विहीर खणावी, असे उपाय त्यात येतात. या उपचारात रोगी घर सोडून जातो. त्याच्या घरचे स्वयंपाकघर मात्र होते तसेच राहते.

व्यायाम घरात आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांना द्यावे लागेल. आरंभी त्यांनी सँडो याच्या पद्धतीचा व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. ते स्वतः, राणीसाहेब व मुले रोज नमस्कार घालीत. संस्थानातील शाळांतून ते सुरू करण्यात आले आणि स्त्रियांनीही ते घालावेत, असा बाळासाहेबांचा आग्रह होता. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाची लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेली आवृत्ती १९३८ मध्ये लंडनमध्ये निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना उभारला, तो याच राजाने दिलेल्या जमिनीवर. तेथूनच १९३० मध्ये ‘स्त्री’ हे मासिक निघू लागले. मधुमेहाचा प्रतिबंध हा या नमस्कारप्रचाराचा हेतू नव्हता. सर्वसाधारण आरोग्य व कार्यक्षमता हे त्याचे उद्दिष्ट होते. तथापि व्यायाम हे तालमीतल्या पुरुषांचेच काम नसून घरातील सर्वांचे आहे, हा विचार त्यातून रुजला.

दरम्यान खालची जमीन बदलत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कऱ्हाडजवळच्या खोडशी येथून निघालेला कृष्णा कालवा, पुढे विहिरी व उपसा जलसिंचन आणि सहकारी साखर कारखाने यांमुळे ज्वारीच्या शेतांतून ऊस व द्राक्षे आली. दळण गिरणीत गेले, पाणी नळाने आले, शेताची वाट मोटारसायकलीची झाली. ज्या कष्टांतून स्त्रिया सुटल्या, त्यांची भलामण करण्याचे कारण नाही; परंतु त्यांच्या जागी दुसरी हालचाल आली नाही आणि चहातली साखर, गहू व तेल यांचे प्रमाण वाढले. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या १९७० च्या दशकातील पाहणीत देशाच्या शहरी भागात २·१ टक्के व ग्रामीण भागात १·५ टक्के लोकांत मधुमेह आढळला होता. २००८–१० मधील पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात हे प्रमाण १०·९ टक्के, तर ग्रामीण भागात ६·५ टक्के होते. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्या, तरी वाढीची दिशा निर्विवाद आहे.

प्रतिबंध शक्य आहे, याचा पुरावा चीन व फिनलंड येथील प्रयोगांनी दिला. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार-व्यायामाच्या बदलाने धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नई येथे ५३१ व्यक्तींवर झालेल्या भारतीय प्रयोगात (२००६) ही घट २८·५ टक्के होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : चेन्नईच्या गटाचे वजन जवळजवळ उतरलेच नाही, तरी लाभ झाला. म्हणजे वजनकाटा हा भारतीयांच्या बाबतीत एकमेव साक्षीदार नव्हे.

त्याचे स्पष्टीकरण पुण्यातील संशोधनात मिळते. के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३·५ किग्रॅ. भरले, मात्र मेदाच्या बाबतीत भारतीय अर्भके तेवढी उणी नव्हती. बारीक दिसणाऱ्या देहात मेद अधिक व स्नायू कमी, असे हे चित्र होते. मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध असणे आणि अर्भकाचा आकार यांचा संबंध आढळला. फार कष्ट करणाऱ्या मातांची अर्भके लहान होती. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव मोठ्या प्रमाणावर दिसली. सुश्रुतांच्या कृश रोग्याची येथे आठवण होते, अर्थात कारणमीमांसा सर्वस्वी वेगळी आहे.

या निष्कर्षांमुळे प्रतिबंधाचा केंद्रबिंदू घरातील स्त्रीकडे सरकला आणि तेथेच खरी अडचण आहे. अनेक घरांत चूल तिच्या हाती असली, तरी काय शिजावे हे तिच्या एकटीच्या इच्छेवर ठरत नाही. ती शेवटी जेवते, उरलेले संपविते. तिला एकटीलाच पथ्य सांगितले, तर तिला दोन स्वयंपाक करावे लागतात आणि त्यांपैकी तिचा लवकरच बंद पडतो. हीच अडचण अन्यत्रही ओळखली गेली आहे. टेक्ससमधील मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांवरील एका अभ्यासात (१९९२) केवळ पुस्तिका, एकटीला शिक्षण आणि कुटुंबासह शिक्षण यांची तुलना झाली. कुटुंबासह शिकलेल्यांचे वजन सर्वांत अधिक उतरले. मात्र एकट्या शिकलेल्यांशी तुलना करता तो फरक निर्णायक ठरला नाही. पुढे आई व प्रौढ मुलगी अशा जोड्यांचे कार्यक्रमही झाले.

महाराष्ट्रात ग्रामीण घरापर्यंत पोहोचणारी यंत्रणा आशा कार्यकर्तीची आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीसाठी ती जो तक्ता भरते, त्यात वय, तंबाखू व मद्य यांचे सेवन, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल व कुटुंबातील रोगांचा इतिहास यांना गुण असतात. स्त्रियांच्या कंबरेसाठी धोक्याची मर्यादा ८० सेंमी. व पुरुषांसाठी ९० सेंमी. मानतात. तक्ता व्यक्तीचा असला, तरी तो घरी बसूनच भरला जात असल्याने सासू, सून व मुलगा यांच्या कंबरांचे माप एकाच भेटीत, एकाच फितीने घेता येते.